मुटरमधला दोष

मिरजेला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "काय हो, तिकडे जर्मनीत तुम्ही नक्की करत काय होतात?"

"रेकॉर्डी ऐकायचे," मी सांगते.

"ते झालं हो. पण नोकरी?"

अहो, हीच नोकरी! तेवीस वर्षं सकाळी सात ते दुपारी साडेतीन मी कानाला हेडफोन लावून बसले आणि गेल्या वर्षी रिटायर झाले. यात गंमत करायसारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. चहाची चव घेणारे लोक असतात, अत्तराचा वास घेणारे असतात, तशी मी ऐकणारी.

ही नोकरी मला लागली तीसुद्धा माझ्या मोडक्या जर्मनमुळे. आमचे हे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून हॅनोव्हरला आले, त्यांच्यामागून मी आले. मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर घर खायला उठायचं, म्हणून रोजगार कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, तुम्हाला काय येतं? मला म्हणायचं होतं की मला बोललेलं समजतं, पण बोलता येत नाही. तेवढं जर्मन गाठीशी कुठलं! मी म्हणाले, "इश कान गूट ह्योरेन." म्हणजे, मला चांगलं ऐकू येतं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे, तशी एक जागा आहे खरी."

हॅनोव्हरच्या बाहेर, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून पुढे बसने, असा तो रेकॉर्डी छापायचा छोटा कारखाना होता. मी गेले तेव्हा धंदा आचके देत होता. पुढे तरुण पोरांना रेकॉर्डींचं वेड लागलं आणि आम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. माझं नाव सुधा काळे. जर्मन लोकांच्या जिभेवर त्याचं 'फ्राऊ काले' झालं. जर्मनमध्ये काल म्हणजे टकला, तेव्हा फ्राऊ काले म्हणजे टकली बाई. माझी वेणी तेव्हा कमरेपर्यंत होती. पहिल्या दिवशी सगळे हसले, मी पण हसले, मग सवय झाली.

आता कामाबद्दल. लोकांना वाटतं मी गाणी ऐकत होते. छे हो! गाणं ऐकायला लागलं की नोकरी गेलीच म्हणायची. आम्ही गाण्याच्या पाठीमागचं ऐकायचं. एखादा टक् असा आवाज आला तर तो क्नाक्सर. भोक मधोमध पडलेलं नसेल तर सूर होडीसारखा वरखाली होतो. गरम प्लॅस्टिकचा गोळा साच्यात नीट पसरला नाही, तर कापड टरकावल्यासारखा आवाज येतो. त्या गोळ्याला जर्मन लोक कूखेन म्हणतात, म्हणजे केक. मी त्याला मनातल्या मनात उंडा म्हणायचे. उंडा नीट मळलेला नसला की पोळी फाटणारच, त्यात जर्मन काय नि मराठी काय.

आणि एक नियम, तो पुढे लागणार आहे म्हणून सांगते. रेकॉर्ड दोन सेकंदांच्या आत एक फेरी पूर्ण करते. तबकडीवर एका जागी खोट असेल तर सुई दर फेरीला तिथून जाणार आणि आवाज दर फेरीला येणार. म्हणजे घड्याळासारखा परत परत येणारा आवाज हा तबकडीचा दोष, आणि जो कधी येतो कधी येत नाही तो गाण्यातला. हा नियम मला पहिल्या आठवड्यात शिकवला आणि तेवीस वर्षं त्यानं मला दगा दिला नाही. एकदाच दिला.

माझ्या कानाचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? माझे वडील, आमचे दादा, मिरजेत तंबोऱ्यांची जवारी लावायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिथे तारेखाली सुताचा धागा सरकवून अशी एक जागा शोधायची की तार नुसती वाजत नाही, झणझणते. ती झणझण म्हणजे जवारी. धागा केसभर इकडे सरकला तर तार मुकी, तिकडे सरकला तर फाटकी. दादा डोळे मिटून धागा सरकवायचे आणि मला विचारायचे, "सुधे, बोलतोय का?" मी सात-आठ वर्षांची असेन. मी "नाही" म्हटलं की परत सरकवायचे. "बोलतोय" म्हटलं की त्या दिवशीचं काम झालं.

कारखान्यात एकदा बासरीची रेकॉर्ड आली होती, मागे तंबोरा. माझी सहकारीण उर्सुला हिनं ती नापास करून टाकली. चिठ्ठीवर लिहिलं, 'दोन्ही बाजूंनी अखंड गुणगुण, बहुधा विजेचा दोष.' मी हसून हसून लोटपोट. "अगं बाई, हीच तर जवारी! एवढ्यासाठी माझ्या बापाचं आयुष्य गेलं," मी तिला सांगितलं. वर्षभर मी ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर तिखटमीठ लावून सांगत होते. उर्सुला बिचारी सोशिक. तिनं मला एकदा तरी म्हणायला हवं होतं, की थांब, तुझीही वेळ येईल.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकंही खूप पाहिली. कोलोनचे एक गृहस्थ दर महिन्याला रेकॉर्ड परत पाठवायचे, संथ भागात टिकटिक येते म्हणून. चौथ्या वेळी मी त्यांना फोन लावला आणि म्हटलं, वाजवा बघू आत्ता. फोनमधून टिकटिक स्पष्ट ऐकू आली. मग म्हटलं, आता रेकॉर्ड बंद करा. टिकटिक चालूच! त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ होतं ते. त्यांनी माफी मागितली नाही, पण नाताळात बिस्किटांचा डबा पाठवला. मी मात्र त्या दिवशी घरी येऊन ह्यांच्यापुढे अर्धा तास मिरवले. "अहो, घड्याळसुद्धा मला फोनवरून कळतं," असं काय काय. हे म्हणाले, "मग घरात नळ गळतोय तोही ऐका." असो.

तर आता मुख्य गोष्ट. रिटायर व्हायच्या आदल्या वसंतातली.

योएल नावाच्या एका रॅप करणाऱ्याची ऑर्डर आली. वय तिशीच्या पुढे, जन्म हॅनोव्हरचा, आईवडील डोमिनिकन रिपब्लिक या बेटावरच्या देशातले. तीनशे रेकॉर्डी, म्हणजे लहान काम. ऑर्डरच्या कागदावर सगळे तारीख लिहितात, यानं खाली एक ओळ जास्तीची लिहिली होती: 'आई त्या शनिवारी कायमची सांतो दोमिंगोला परत जाते आहे. विमानात बसताना तिच्या हातात रेकॉर्ड हवी.' ती ओळ वाचून मला बरं वाटलं. आई म्हटलं की हात जरा जास्त काळजीनं चालतात. तो शनिवार अजून पाच आठवडे लांब होता, घाई नव्हती.

गाणी स्पॅनिशमध्ये, मध्येच जर्मन. खाली हिप-हॉपचा जाड ठोका आणि वर त्यांच्या उष्ण मुलखाचं संगीत. पितळी भोंगे, पेटीसारखा अकॉर्डियन, दोन्ही तोंडांनी वाजणारा एक ढोल. तो ढोल तर असा, की खुर्चीतल्या खुर्चीत माझा पाय हलायला लागला आणि मी त्याला गुडघ्यावर हात ठेवून थांबवला. त्यावर तो पोरगा भराभर बोलत सुटलेला, शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पळताहेत पण पडत एकही नाही. मला अक्षर कळत नव्हतं. आमच्या कामात ते बरंच असतं.

पहिली बाजू स्वच्छ. दुसरी बाजू, दुसरं गाणं. इथे ढोल नाही, भोंगे नाहीत. एक गिटार, त्याचं हळू आवाजातलं बोलणं आणि डाव्या कानात हलकीशी खरखर. ख-र्र-र्र. थांबली. परत ख-र्र-र्र. मी घड्याळ लावलं. दर फेरीला एकदा, चुकूनही इकडेतिकडे नाही. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली तर त्या गाण्याच्या पट्ट्यात मध्यापासून काठाकडे जाणाऱ्या रेघाही दिसल्या. कानानं सांगितलं, डोळ्यानं सही केली. मी चिठ्ठी लिहिली: 'नापास. खरखर, डावीकडून, दर फेरीला. रेघाही दिसतात.'

आमचे फोरमन हेर ब्रांडिस म्हणाले, "उंडा पसरला नसेल." हो, माझा शब्द त्यांनी उचलला होता, 'उन्डा' म्हणायचे. त्यांनी तापमान बदललं, पुन्हा नमुना काढला. ख-र्र-र्र. छापायचा शिक्का बदलला, पुन्हा काढला. ख-र्र-र्र. ब्रांडिस माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. यात चार आठवडे गेले, कारण मध्ये मोठ्या कंपन्यांची कामं घुसायची आणि आमचा योएल मागे सरकायचा.

तुम्ही म्हणाल, मूळ रेकॉर्डिंग मागवून ताडून का नाही पाहिलं? बरोबर. नियम तोच आहे. मूळ रेकॉर्डिंग आमच्याकडे नसायचं, गिऱ्हाइकाकडून मागवावं लागायचं. मला गरज वाटली नाही. घड्याळ फोनवरून ओळखणारी बाई मी! हा माजच, दुसरं काय?

शेवटी आम्ही ठरवलं की दोष मुटरमध्ये आहे. आता हे नीट ऐका. मूळ खोदलेल्या तबकडीवरून धातूची एक उलटी प्रत काढतात, तिला आमच्या धंद्यात फाटर म्हणतात, म्हणजे बाप. बापावरून सुलटी प्रत काढतात, ती मुटर, म्हणजे आई. आणि आईवरून छापायचा शिक्का निघतो, तो झोन, म्हणजे मुलगा. सगळं घराणं धातूचं. मुटरमध्ये खोट असली की तिचे सगळे मुलगे तीच खोट घेऊन येतात. मुटर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर एक ओरखडा दिसेना. तरी मी म्हटलं, कान खोटं बोलत नाही.

सोमवारी योएलचा फोन आला. आई शनिवारी जाणार होती.

"रेकॉर्ड कधी मिळणार, फ्राऊ काले?"

"एक अडचण आहे," मी म्हणाले. "दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात खरखर येते."

"हो, येते."

मला हायसं वाटलं. गिऱ्हाईक एवढ्या चटकन कबूल होत नाही. "ती मुटरमधून येतेय," मी म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. मुटरचीच आहे ती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"मग आधी सांगायचंत ना! मुटर खराब असली की पुढचं सगळंच खराब निघतं."

मग हळूच, "खराब?"

"पहिल्यापासूनच सदोष असावी. कधी कधी जुनी होऊनही अशी होते. पण तुम्ही काळजी करू नका. ही आम्ही मोडीत काढतो आणि नवी मुटर करतो. शुक्रवारपर्यंत होईल."

"तुम्ही," तो एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "माझ्या आईला मोडीत काढणार?"

मी समजावू लागले की मुटर म्हणजे तशी मुटर नव्हे. तो म्हणाला, "मी उद्या येतो," आणि फोन ठेवला.

मंगळवारी तो आला. उंच, दाढीवाला, रागानं लाल झालेला. बरोबर एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची, साठी उलटलेली बाई. आई. दोन्या रामोना. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या ताई-माईसारखं. तीस वर्षं तिनं इथल्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये साफसफाई केली, पण जर्मन बोलायची वेळ तिच्यावर फारशी आलीच नव्हती. मी मनात तिचं रमाताई करून टाकलं. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, पिशवीत हात घातला आणि एक किसणी बाहेर काढली.

किसणी हो! आपली गाजराची असते ना, तशी पत्र्याची, काठ झिजलेली. दुसऱ्या हातात जेवणाचा काटा. तिनं किसणी माझ्या डाव्या कानाजवळ धरली आणि काटा वरून खाली ओढला.

ख-र्र-र्र.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"आईच्या मुलखात ह्याला वाद्य म्हणतात," योएल म्हणाला. त्याचा राग माझं तोंड बघून उतरला असावा. "पूर्वी लोक स्वयंपाकघरातली खरी किसणीच वाजवायचे. आई लहानपणी मला झोपवताना वाजवायची. त्या गाण्यात तीच आहे, दुसरं कुणी नाही." त्यानं अल्बमच्या नावावर बोट ठेवलं. ऑर्डरच्या कागदावर ठळक अक्षरात ते चार आठवडे माझ्या टेबलावर पडलेलं होतं. 'एल ग्वायो दे मामा'. आईची किसणी. मी नावं कधी वाचतच नसे.

"पण दर फेरीला कशी येते?" ब्रांडिसना अजून पटेना.

"मुद्दाम. गाण्याची लय मीच तशी ठेवली. एका फेरीत बरोबर एक आवर्तन. म्हणजे रेकॉर्ड दिव्याखाली धरली की आईचा हात डोळ्यांना दिसतो. चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसल्या नाहीत का तुम्हाला?"

दिसल्या होत्या. चिठ्ठीवर दोष म्हणून लिहिल्या होत्या. आणि उर्सुला? उर्सुला दारात उभी होती, हाताची घडी घालून. ती एकच शब्द म्हणाली, "जवारी." तोही अगदी शुद्ध उच्चारात. आता मात्र मला हसूच फुटलं. जवारी लावणाऱ्याची मुलगी मी, आणि चार आठवडे एका आईच्या जवारीला नापास करत बसले होते!

रमाताईंनी मुलाकडून माझी चिठ्ठी वाचून घेतली. मग काहीतरी विचारलं. योएल म्हणाला, "ती विचारतेय, तुम्ही तिला किती वेळा ऐकलंत?"

"चाळीसेक वेळा," मी खाली बघत म्हणाले.

रमाताई खूश होऊन मुलाच्या पाठीत धपाटा घालत्या झाल्या. तो म्हणाला, "म्हणतेय, माझ्या मुलानंही एवढ्यांदा ऐकलं नसेल."

बुधवारी छपाईची तयारी झाली आणि गुरुवारी सकाळी छपाई सुरू झाली. शनिवारच्या आत होणार होतं, सगळे निवांत. दर पन्नासाव्या रेकॉर्डीला एक माझ्याकडे यायची. दुसरी आली. दुसरी बाजू, दुसरं गाणं. ख-र्र-र्र. मी मनात म्हटलं, या रमाताई. ख-र्र-र्र, टच्. ख-र्र-र्र, टच्.

टच्?

पुन्हा लावली. खरखर संपता संपता, अगदी तिच्या शेपटाला, एक बारीकसा टच्. दर फेरीला. सकाळच्या पहिल्या नमुन्यात तो नव्हता. म्हणजे शिक्क्यावर काहीतरी बसलं होतं. पण असं कोण म्हणतंय? मीच ना? चार आठवडे तोंडघशी पडलेली मीच ना? कुणी तरी जाऊन ब्रांडिसना सांगायचं, मशीन थांबवा, आणि ते म्हणणार... ते काय म्हणणार ते मला माहीत होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? तीनशे माणसांपैकी एकालाही नाही. रेकॉर्ड वेळेत जाणार, आई खूश, मुलगा खूश. थांबवली आणि मी पुन्हा चुकले, तर रमाताई रिकाम्या हातानं विमानात बसणार, तेही माझ्यामुळे. खरं सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या कानावर विश्वास नव्हता.

तरी गेले. ब्रांडिसनी ऐकलं, हेडफोन काढला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "फ्राऊ काले, बिट्टं, कृपा करा. ती आई आहे."

"खरखर आई आहे. टच् आई नाही."

"काटा उचलताना लागत असेल."

लागत असेलही. हे मी कसं सांगणार? मग सुचलं, की हे सांगू शकणारं माणूस गावातच आहे. मी योएलला फोन केला. दीड तासात रमाताई ट्राम आणि बस बदलून एकट्याच आल्या, किसणी पिशवीत घेऊन. मुलगा कामावर होता. त्यांना जर्मन येत नाही, मला स्पॅनिश येत नाही. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, माझा हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि ते गाणं लावलं.

त्यांनी डोळे मिटले. हात हवेत किसणीवर ओढावा तसा खाली येऊ लागला, दर फेरीला एकदा. आणि दर वेळी हात खाली टेकला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. पाचव्या-सहाव्या वेळी त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "यो." मी. ख-र्र-र्र ला मान डोलावली. पुढच्या टच् ला बोट ताठ वर. "यो नो." मी नाही. ख-र्र-र्र, यो. टच्, यो नो. ब्रांडिस उभे राहून बघत होते. दहा फेऱ्या झाल्या, बाईंचा एकही अंदाज चुकला नाही. मग मी अगदीच चुकले नव्हते, या आनंदानं मला रडू यायच्या बेतात होतं.

ब्रांडिसनी एक सणसणीत जर्मन शिवी हासडली आणि मशीन बंद केलं. शिक्क्यावर धातूचा एवढासा कण चिकटलेला निघाला, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. रमाताईंनी तो बोटाच्या टोकावर घेऊन नीट बघितला आणि त्याला स्पॅनिशमध्ये काहीतरी ऐकवलं. चांगलं नसावं.

त्याच मुटरचा दुसरा मुलगा, म्हणजे दुसरा शिक्का, कपाटात तयार होता. शुक्रवारी सकाळपासून नव्यानं छपाई. दुपारी तीनला पहिली पेटी माझ्या टेबलावर आली. योएल आणि रमाताई माझ्यामागे उभे. मी पहिली रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकली. स्वच्छ. 'इन ओर्डनुंग', म्हणजे ठीक आहे, असं लिहून सही ठोकली आणि ती रमाताईंच्या हातात दिली. त्यांनी ती छातीशी धरली, आणि मला काहीतरी विचारलं. एकच शब्द.

"ती विचारतेय, आवडलं का?" योएल म्हणाला.

हो म्हणायला काय जात होतं! पण त्या बाईसमोर खोटं बोलवेना. तेवीस वर्षांत हजारो रेकॉर्डी माझ्या कानाखालून गेल्या. दोष आहे का, हे सगळ्यांनी विचारलं. आवडलं का, हे आजवर एकानंही विचारलं नव्हतं. आणि मलाही स्वतःला विचारायचं कधी सुचलं नव्हतं, याची मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी अजून ऐकलंच नाही."

योएलनं ते आईला सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी छातीशी धरलेली रेकॉर्ड परत माझ्या हातात दिली.

मी चिठ्ठ्या लिहायची पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली. हेडफोन काढून ठेवला आणि भिंतीवरचे मोठे स्पीकर चालू केले. साडेतीन वाजून गेले, सगळ्यांचं फायराबेंड झालं, म्हणजे कामाची सुट्टी झाली, पण उर्सुला थांबली, ब्रांडिसही थांबले. पहिल्या बाजूला तो ढोल आला आणि या वेळी मी पायाला सोडून दिलं. दुसऱ्या बाजूला भोंगे थांबले, गिटार आलं आणि त्याच्याखाली, डावीकडून, ती आली. शब्द मला तेव्हाही कळले नाहीत. पण एका लहान खोलीत कुणीतरी पोराला झोपवतंय आणि ते पोर आता मोठं होऊन तिला सांगतंय की मी जागाच होतो, एवढं कळलं. दादांचे मिटलेले डोळे आठवले. सुधे, बोलतोय का?

"बोलतेय हो तुमची किसणी," मी रमाताईंना म्हणाले. मराठीतच म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला. योएलनं भाषांतर विचारलं नाही.

शनिवारी त्या गेल्या, रेकॉर्ड आणि माझी 'नापास' ची चिठ्ठी, दोन्ही घेऊन. चिठ्ठी त्यांनी मागूनच घेतली. नापास नमुने दळून टाकायचे असा कारखान्याचा नियम, पण त्यातला पहिला मी ओव्हरकोटाखाली घालून घरी आणला. नोकरीतला माझा हा एकमेव गुन्हा.

आता रोज दुपारी चहा झाला की मी एक रेकॉर्ड लावते, पेन्सिलीशिवाय. परवा मुलगी आली होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते, आईलाही मामाच म्हणते. त्या चोरून आणलेल्या नमुन्याची दुसरी बाजू चालू होती. तिनं कान टवकारले आणि माझ्याच तोऱ्यात म्हणाली, "मामा, रेकॉर्ड खराब आहे. डावीकडून काहीतरी खरखरतंय."

"खराब नाही गं," मी म्हटलं. "ती आई आहे. बस जरा, ऐक."